झाकली मूठ

भाऊबीजेच्या दिवशी आमच्या घरी तबक दोनदा तयार होई. एकदा संध्याकाळी, माजघरात, चारचौघांदेखत. चुलतभाऊ येत, मामेभाऊ येत, पाटाभोवती रांगोळी असे, थट्टामस्करी चाले, ओवाळणीवरून लटकी भांडणे होत. दुसऱ्यांदा रात्री साडेनऊ-दहाच्या सुमारास, पाहुणे पांगल्यावर. आई दाराला आतून कडी लावी, निरांजनाची वात पुढे सारी आणि मला हळूच म्हणे, "चल, आता वर जाऊन ये." वर माडीवर माझा सख्खा भाऊ, माझा दादा, बसलेला असे. खाली जमलेल्या मंडळींच्या हिशेबी तो मुंबईला एका कंपनीत नोकरीला होता आणि त्याला रजा मिळालेली नव्हती.

सोळा दिवाळ्या त्याला रजा मिळाली नाही.

ऐन दिवाळीत वाचकांपुढे हे कडू बोलणे कशाला, असे कोणी विचारील. पण नरकचतुर्दशीला पहाटे आपण दारात कारीट फोडतो, त्याचा थेंब जिभेला लावतो आणि मगच फराळाला बसतो. पुढची पाने त्या कारिटासारखी समजावीत. गोड पुष्कळ आहे अंकात.

सव्वा लाखाची मूठ

दादा माझ्याहून चार वर्षांनी मोठा. गणितात हुशार, पेटी वाजवणारा, गल्लीतल्या सगळ्या घरांचे आकाशकंदील करून देणारा. १९९५ च्या पावसाळ्यात तो पुण्याहून बी.एस्सी.चे शेवटचे वर्ष अर्धवट टाकून ट्रंक घेऊन परत आला. प्रथम वाटले, परीक्षेची धास्ती घेतली असेल. मग त्याने खिडकीच्या फटी वर्तमानपत्राच्या कागदाने बुजवल्या. रेडिओवरची बाई बातम्यांत मधूनमधून आपले नाव घेते, असे तो सांगू लागला. आईने आधी घास खाल्ल्याशिवाय तो ताटाला हात लावीना. रात्र रात्र तो माडीवर फेऱ्या घाली आणि खाली आम्ही तिघे छताकडे पाहत पडून राहत असू.

या आजाराचे नाव स्किझोफ्रेनिया, मराठीत छिन्नमनस्कता, हे कळायला आम्हाला दीड वर्ष लागले. नाव ऐकून लोकांना वाटते, एका माणसात दोन माणसे राहत असतील. तसे काही नसते. मेंदूच्या कामात बिघाड होतो. नसलेले आवाज ऐकू येतात, नसलेले शत्रू दिसतात, आणि हळूहळू उत्साह, बोलणे-चालणे, अंघोळ-पांघोळ यांची इच्छाच आटत जाते. बहुधा ऐन तारुण्यात, घराच्या आशा ज्याच्यावर टांगलेल्या असतात त्या वयात तो येतो. आईबापांनी लाड केले म्हणून किंवा मारले म्हणून तो होत नाही. बंगळूरच्या 'निम्हान्स' या संस्थेने २०१५-१६ साली बारा राज्यांत केलेल्या पाहणीत, आयुष्यात केव्हा ना केव्हा या किंवा या जातीच्या आजाराच्या तडाख्यात सापडलेली माणसे शंभरात १.४ आढळली. आणि सगळे मनोविकार धरले तर पाहणीच्या वेळी दर शंभर प्रौढांत दहाहून थोडे अधिक आजारी होते. बहुतेक विकारांत त्यांच्यापैकी सत्तर टक्क्यांहून जास्त लोकांपर्यंत उपचार पोचलेलेच नव्हते. म्हणजे वाचकहो, आपल्या आळीत पन्नास घरे असतील तर अशी माडी एकट्या आमच्याच घराला नव्हती. फक्त प्रत्येकाच्या जिन्याला कडी होती.

आमचे अण्णा प्राथमिक शाळेत हेडमास्तर होते. करारी माणूस, पण गावाच्या जिभेला भिणारा. "झाकली मूठ सव्वा लाखाची," हे त्यांचे त्या काळातले एकच वाक्य मला आठवते. माझे लग्न व्हायचे होते, त्यांची पेन्शन व्हायची होती. दादा मुंबईला गेला असे एका रात्रीत ठरले. त्याच्या नावाने पोस्टकार्डेही येत. ती अण्णाच लिहीत आणि परगावी गेले की तिथल्या पेटीत टाकीत.

उपाय केले नाहीत असे नाही. देवऋषी झाले, अंगारे झाले. एका ठिकाणी त्याला सव्वा महिना ठेवायला सांगितले होते. अकराव्या दिवशी आई भेटायला गेली तेव्हा त्याच्या घोट्याला दोरीचे वळ होते. तिने त्याला त्याच पावली परत आणले. एका मोठ्या शहरातल्या खाजगी दवाखान्यात इतक्या गोळ्या दिल्या की त्याच्या तोंडातून लाळ गळे आणि हात थरथरत. गोळी कशाची, किती दिवस, थरथर का होते, हे कोणी सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही. लपवाछपवी करणारा माणूस प्रश्न विचारीत नाही, हे मी तेव्हा शिकले.

१९९८ साली एका रात्री दादा फारच बिथरला. अण्णांनी आपले धुतलेले धोतर घेतले आणि त्याचा पाय पलंगाला बांधला. मऊ धोतर होते. पण बांधणे ते बांधणेच. तीन वर्षांनी, ६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे, तमिळनाडूत एर्वाडी येथे मनोरुग्णांच्या एका आश्रयस्थानाला आग लागली आणि २८ जण जळून मेले. त्यांना साखळ्यांनी बांधलेले असल्यामुळे पळता आले नाही. दुसऱ्या दिवशी अण्णा वर्तमानपत्र वाचता वाचता थांबले. त्यांनी ते उलटे करून ठेवले आणि दुपारपर्यंत कोणाशी बोलले नाहीत. संध्याकाळी दादाच्या खोलीची बाहेरची कडी त्यांनी स्वतः स्क्रू काढून उतरवली. जिन्याच्या दाराची मात्र राहिली.

माझे लग्न २००३ साली झाले. सासरी खरे सांगावे असा मी हट्ट धरला, तो अण्णांनी ऐकला नाही; आणि मीही मग गप्प बसले. वर्षभराने सत्य कळले तेव्हा सासूबाई तीन महिने माझ्याशी बोलल्या नाहीत. त्यांचा राग आजारावर नव्हता, खोटे बोलण्यावर होता. त्यांचे बरोबर होते.

"तो वर आहे"

मूठ उघडली ती आम्ही उघडली म्हणून नव्हे. २०११ च्या श्रावणात अण्णा पहाटे झोपेतच गेले. गल्ली जमली, नातेवाईक आले, तिरडी बांधून झाली. थोरल्या काकांनी विचारले, "मुंबईला फोन केला का? तो पोचेपर्यंत थांबायला हवं. अग्नी त्यानंच द्यायला पाहिजे."

आई अण्णांच्या उशाशी बसली होती. मान वर न करता ती म्हणाली, "थांबायला नको. तो वर आहे."

अंगणातल्या सत्तर-ऐंशी माणसांत जी शांतता पसरली ती अजून माझ्या कानात आहे. मी वर गेले. दादाने अंघोळ केलेली होती. मी काही बोलायच्या आत त्याने विचारले, "धोतर कुठलं नेसू?" तो खाली आला. सगळे विधी त्याने नीट केले. गुरुजींच्या आधी दोन मंत्र त्यालाच आठवले. स्मशानातून परतताना काका एवढेच म्हणाले, "वहिनी, सोळा वर्षं आम्हाला परकं केलंत."

त्या एका वाक्याने मी पुष्कळ दिवस बेचैन होते. आम्हाला वाटत होते, आम्ही दादाला गावापासून वाचवतो आहोत. गावाला मदत करण्याची संधीच आम्ही दिली नव्हती, ही त्या व्यवहाराची दुसरी बाजू आम्हाला दिसलीच नव्हती. सगळे गाव देवमाणसांचे होते असेही नाही. पुढे काही पोरांनी दादाच्या मागे आरोळ्या ठोकल्या, समोरच्या बाईंनी आपल्या मुलीला आमच्या अंगणात येऊ देणे बंद केले. पण न्हाव्याने आपणहून घरी येऊन त्याची दाढी केली, हेही त्याच गावात घडले.

दोन पिशव्या

अण्णांच्या मागे दादाच्या गोळ्या आणण्याचे काम माझ्याकडे आले. अण्णा त्या गावात घेत नसत. अठरा किलोमीटरवरच्या शेजारच्या तालुक्याच्या दुकानातून आणीत. आता गावाला सगळे ठाऊक होते, तरी मीही एस.टी.ने तिथेच जाऊ लागले. मूठ उघडली तरी बोटे वळलेलीच राहतात.

२०१२ च्या उन्हाळ्यात त्या दुकानाच्या फळीशी उभी असताना शेजारी आमच्या कॉलेजचे हेडक्लार्क, म्हणजे आमचे भाऊसाहेब, दिसले. त्यांच्या हातात तीच गुलाबी पाकिटे. त्यांनी पिशवी पाठीमागे नेली, मीही नेली. "रक्तदाबाच्या!" ते म्हणाले. "आमच्याही," मी म्हणाले. दुकानदार दोघांकडे पाहून बिले करीत राहिला.

पुढच्या महिन्यात तीच तारीख, तेच दुकान, तेच आम्ही. तिसऱ्या महिन्यात भाऊसाहेबांनी एस.टी.त माझ्या शेजारी बसून खिडकीबाहेर बघत सांगितले, "मॅडम, माझी थोरली मुलगी. नऊ वर्षं झाली." मग थोडे थांबून त्यांच्या क्लार्की स्वभावाला जागून म्हणाले, "आपण दोघं एकाच कामाला येतो. एका महिन्याला तुम्ही आणा, एका महिन्याला मी आणतो. भाडं निम्मं पडेल."

आमच्या मदतगटाची स्थापना ही अशी, एस.टी.च्या भाड्यावरून झाली.

पुण्यात स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांच्या कुटुंबीयांची एक संघटना काम करते, हे आम्हाला त्याच वर्षी कळले. मूळचे खानदेशचे आणि कॅनडात कॅलगरीच्या विद्यापीठात प्राध्यापक असलेले डॉ. जगन्नाथ वाणी यांनी 'स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन' उभी केली. त्यांच्या स्वतःच्या घरातच हा आजार होता, आणि तो त्यांनी लपवला नाही. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा २००४ चा 'देवराई' हा चित्रपट त्यांच्याच पुढाकाराने झाला. आमच्या घरात तो आईने, मी आणि दादाने रात्री दार लावून बघितला होता. पुण्याला जाऊन तिथले गट कसे चालतात ते भाऊसाहेब पाहून आले आणि येताना एक को-या पानांची वही घेऊन आले.

प्राथमिक शाळेचा एक वर्ग रविवारी दुपारी मिळाला. दर महिन्याचा दुसरा रविवार, चार ते सहा. पहिल्या बैठकीला सातजण आले. लहान मुलांच्या बाकांवर पाय मुडपून बसलो. त्यांतल्या दोघी नुसत्या रडल्या, एक गृहस्थ आपण चुकून आल्याचे सांगून शेवटपर्यंत बसून राहिले आणि एस.टी.तून निवृत्त झालेले एक कंडक्टरकाका जाताना म्हणाले, "बारा वर्षांत आज पहिल्यांदा मुलाचं नाव मोठ्यानं घेतलं."

नियम चारच. इथले बोलणे इथेच राहील. कोणी कोणाला उपदेश करणार नाही, अनुभव सांगील. गोळ्यांचा सल्ला डॉक्टरांचा, आपला नाही. आणि आजारी माणसाबद्दल बोलताना तो समोर बसला आहे असे समजून बोलायचे. पुढे तेही येऊ लागले तेव्हा हा चौथा नियम फार उपयोगी पडला. पुण्या-मुंबईकडच्या अशा गटांतून रूढ झालेले दोन शब्द आम्हीही घेतले: आजाराशी झुंजणारा तो 'शुभार्थी', त्याला सांभाळणारा तो 'शुभंकर'. मराठी शिकवणारी बाई म्हणून मला नव्या घडवलेल्या शब्दांचा थोडा संशयच असतो. पण आमच्या आईला कोणी 'वेड्याची आई' न म्हणता 'शुभंकर' म्हणाले तेव्हा ती जरा ताठ बसली, हे मी डोळ्यांनी पाहिले.

बोलण्याचा भार

तासभर बोलून काय होते, असे लोक विचारतात. १९५० च्या दशकाच्या अखेरीस लंडनमध्ये जॉर्ज ब्राउन नावाच्या समाजशास्त्रज्ञाला एक चमत्कारिक गोष्ट आढळली. इस्पितळातून बरे होऊन आईवडिलांकडे किंवा पत्नीकडे गेलेले रुग्ण, खाणावळवजा खोल्यांत राहायला गेलेल्यांपेक्षा अधिक वेळा पुन्हा आजारी पडत. घरात माया नव्हती असे नव्हे. पुढच्या अभ्यासांत उलगडा झाला तो असा, की जिथे सतत टोचून बोलणे, राग, किंवा उलट क्षणभरही नजरेआड न होऊ देणारी काळजी असते, तिथे आजार उलटण्याचा धोका वाढतो. म्हणजे घरच्या माणसांनी आजार दिला असे नाही. पण घरातल्या आवाजाची पट्टी औषधाइतकीच महत्त्वाची असते.

हे मी गटात सांगितले तेव्हा कंडक्टरकाका कपाळाला हात लावून म्हणाले, "म्हणजे मी दिवसातून पंधरा वेळा 'गोळी घेतलीस का' विचारतो ते बंद करू?" त्यांनी खरोखरच बंद केले. रात्री जेवणानंतर पाण्याचा पेला आणि गोळी ठेवायची आणि शेजारी बसून स्वतःची रक्तदाबाची गोळी घ्यायची. बाप-लेक बरोबर औषध घेऊ लागले. तीन महिन्यांनी मुलानेच त्यांना आठवण केली, "बाबा, तुमची राहिली."

अशा बारीकसारीक गोष्टींनीच गट चालतो. बरे वाटले म्हणून गोळी आपणहून थांबवायची नसते, ती हळूहळू कमी करणे डॉक्टरांचे काम. थरथर किंवा सुस्ती आली तर निमूट सोसायची नसते, सांगायची असते. झोप उडणे ही आजार उलटण्याची पहिली घंटा असू शकते. हे सगळे एकमेकांकडून कळते. कोणाच्या घरी लग्न असेल तर शुभार्थीजवळ दुसऱ्या घरचा माणूस येऊन बसतो. एका आईने आठ वर्षांनी माहेरच्या जत्रेला जाऊन दोन रात्री काढल्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजाराचा समावेश आहे. त्याचे प्रमाणपत्र काढायला एकटा बाप तीन खेपा घालून हात टेकतो. भाऊसाहेबांनी फायलीचा एकच नमुना करून सगळ्यांची कामे मार्गी लावली. दादाला नगर वाचनालयात जुन्या पुस्तकांना कव्हरे घालण्याचे काम मिळाले. रोज दोन तास. कधी चार दिवस जात नाही. ग्रंथपाल ओरडत नाहीत.

२०१६ च्या माघात दादाने गोळ्या बंद केल्या, आणि तीन आठवड्यांनी, रात्री एकच्या सुमारास, आईचा फोन आला. मी पोचले तेव्हा तो माडीच्या दारात उभा होता, हातात पाट, आणि कोणी वर आले तर फेकीन म्हणत होता. मी भाऊसाहेबांना फोन केला. अर्ध्या तासात ते, कंडक्टरकाका आणि आणखी दोघे आले. कोणी आरडाओरडा केला नाही, कोणी त्याला धरायला गेले नाही. चौघे जिन्याच्या खालच्या पायऱ्यांवर बसले. भाऊसाहेब हलक्या आवाजात कॉलेजच्या जुन्या गोष्टी सांगत राहिले, मधे मधे नुसतेच गप्प बसत. दादा कधी ऐके, कधी शिव्या देई. पहाटे साडेपाचला त्याने पाट खाली ठेवला आणि विचारले, "चहा आहे का?" चहा पिऊन तो त्यांच्याबरोबर गाडीत बसला आणि जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात पंधरा दिवस राहिला. १९९८ साली आमच्याजवळ एक धोतर होते. २०१६ साली जिन्यावर चार माणसे होती. मला फरक एवढाच दिसतो.

पण यशाच्याच गोष्टी सांगितल्या तर ते पुन्हा झाकलेल्या मुठीसारखे होईल. दोन कुटुंबे यायची थांबली. आणि गटातल्या एका तरुणाला आम्ही वाचवू शकलो नाही. त्याने आपले आयुष्य संपवले. आदल्याच रविवारी तो शेवटच्या बाकावर बसला होता. आम्ही सगळ्यांनी त्याचा पडलेला चेहरा पाहिला होता आणि विषय काढला तर त्याच्या मनात भलते येईल म्हणून कोणीच काढला नव्हता. ती समजूत खोटी असते, हे आम्हाला नंतर तज्ज्ञांनी समजावून सांगितले. "मरावंसं वाटतं का?" असे आपुलकीने विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, असलेला बाहेर यायला वाट मिळते. आता आम्ही विचारतो. आणि १४४१६ हा क्रमांक वर्गाच्या फळ्यावर दर बैठकीत लिहितो. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेली ही सरकारी 'टेलि-मानस' सेवा फुकट आहे, रात्रंदिवस चालते.

रिद्धपूरचे गाव

हे सारे पाश्चात्त्यांचे थेर आहे असे एका विद्वान स्नेह्यांनी मला सुनावले. मी एम.ए.च्या वर्गाला महानुभाव गद्य शिकवते. म्हाइंभटांच्या गोविंदप्रभुचरित्रात तेराव्या शतकातले रिद्धपूर भेटते. गोविंदप्रभू महानुभावांना परमेश्वरस्वरूप आहेत आणि त्यांच्या लीलांना आजाराचे नाव देण्याचा आगाऊपणा मी करणार नाही. मी पाहते ते गावाकडे. लोकांना ज्यांचे वागणे वेडेपणाचे वाटे ते हे राऊळ. वाटेल त्या घरात शिरावे, वाटेल ते मागावे, मुलांसारखे खेळावे. आणि त्या गावाने त्यांना कोंडले नाही. बायाबापड्यांनी त्यांना जेवू घातले, आणि जे त्यांना वेडे म्हणत तेच आईबापही म्हणत. एक गाव असे वागू शकते, हे मराठीतल्या अगदी आरंभीच्या गद्यग्रंथांपैकी एकात लिहून ठेवलेले आहे.

आपल्या भाषेलाही 'वेड' या शब्दाचे वावडे नाही. नाटकाचे वेड, विठ्ठलाचे वेड, वेड पांघरून पेडगावला जाणे. शब्दाला आपण किती लाडाने वागवतो! माणसाच्या वाट्याला मात्र तो लाड येत नाही.

बाहेरचेच दाखले हवे असतील तर बेल्जममधल्या गील या गावात मध्ययुगापासून मनोरुग्णांना सामान्य कुटुंबे आपल्या घरी ठेवून घेत आली आहेत. १९३८ च्या सुमारास असे साडेतीन हजारांहून अधिक पाहुणे त्या लहानशा गावात होते. आता संख्या खूप घटली, पण प्रथा मोडलेली नाही. आपल्या देशात १९५० च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी आवारात तंबू ठोकले आणि नातेवाइकांना रुग्णांबरोबर राहायला बोलावले. घरच्यांनी आजार जवळून पाहिला, सेवा शिकली, आणि वर्षानुवर्षे टाकून दिल्यासारखी राहिली असती अशी माणसे घरी गेली. अलीकडे गोवा, तमिळनाडू आणि महाराष्ट्रात एक प्रयोग झाला. त्यात गावातल्याच साध्या माणसांना शिकवून स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांच्या घरी पाठवले. नुसत्या दवाखान्याच्या उपचारांपेक्षा अशी जोड दिलेल्यांना थोडा पण निश्चित अधिक गुण आला, हे निष्कर्ष २०१४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. आणि जी माणसे घर हरवून रस्त्यावर पोचतात त्यांना उचलून, बरे करून, गाव शोधून घरी पोचवणारे डॉ. भरत वाटवानी यांची 'श्रद्धा' ही संस्था तर कर्जतलाच आहे. २०१८ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

एक वही

आमच्या गटात शेवटी सगळी बोलणी एकाच प्रश्नाशी येऊन थांबतात. "आमच्यामागं काय?" आई आता अठ्ठ्याहत्तरची आहे. भाऊसाहेबांचे हृदयाचे ऑपरेशन झाले आहे. या प्रश्नाचे पुरे उत्तर आमच्याजवळ नाही. सरकारजवळही ते आहे असे मला वाटत नाही. राज्यातली मोठी मनोरुग्णालये चार, ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी, आणि रुग्णालय म्हणजे काही घर नव्हे.

कायद्याने मात्र एक दार उघडले आहे. १९१२ च्या कायद्याच्या नावातच 'लूनसी' होती. १९८७ साली तो बदलला. आणि २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१८ पासून लागू झाला. त्यात रुग्णाला साखळीने बांधण्यास सक्त मनाई आहे. विमा कंपनीने शरीराच्या आजाराइतकेच मनाच्या आजारालाही संरक्षण द्यावे असे त्यात म्हटले आहे. आणि प्रौढ माणसाला, आपण पुढे आजारी पडलो तर कसे उपचार व्हावेत, कसे होऊ नयेत, आपल्या वतीने कोणी बोलावे, हे आधीच लिहून ठेवण्याचा हक्क दिला आहे.

त्यावरून भाऊसाहेबांनी २०१८ च्या पावसाळ्यात आणखी एक वही काढली. ही कायद्याची वही नव्हे, आमची घरगुती. प्रत्येक शुभार्थीचे एक पान. डॉक्टर कोण, गोळ्या कोणत्या, कशाने बरे वाटते, कशाने बिघडते. उद्या आई नसली, मी नसले, तर ज्या कोणाच्या हाती ती वही पडेल त्याला माणूस ओळखता यावा. इतरांची पाने घरच्यांनी लिहिली. दादा म्हणाला, "माझं मी लिहितो."

दोन दिवसांनी त्याने पान दिले. गणिती माणसाचे अक्षर, एकाखाली एक आकडे घातलेले.

रात्री दिवा पूर्ण मालवू नये. रेडिओ मला न सांगता लावू नये. मी गप्प बसलो तर रागावलो असे समजू नये. इंजेक्शन देताना कशाचे ते सांगावे. पाय बांधू नये. आणि शेवटचे, सहावे: भाऊबीजेला मला खाली बोलवावे.

मी ते पान हातात धरून कितीतरी वेळ बसले. अण्णा गेल्यावर खोटे बोलण्याचे कारण उरले नव्हते. तरी २०१२ पासून पुढच्या सहा भाऊबिजांना मी तबक घेऊन वरच गेले होते. गर्दीचा त्याला त्रास होईल, असे आम्हीच ठरवून टाकले होते. त्याला कोणी विचारलेच नव्हते.

त्या वर्षीपासून आमच्याकडे तबक एकदाच तयार होते. दादा खाली येतो, पाटावर बसतो, जरा मान खाली घालून. चुलतभावांशी फार बोलत नाही. दहा मिनिटांनी पुष्कळदा उठून वर जातो, आणि त्याला कोणी थांबवीत नाही. ओवाळणी म्हणून तो मला दरसाल एक आकाशकंदील देतो, स्वतः केलेला. गेल्या वर्षी त्याने दोन केले होते. दुसरा घेऊन तो समोरच्या घराच्या फाटकाशी उभा राहिला. आत गेला नाही. ज्या बाईंनी एके काळी आपल्या मुलीला आमच्या अंगणात यायला बंदी केली होती त्या बाहेर आल्या, क्षणभर थबकल्या, आणि म्हणाल्या, "द्या इकडे. आमच्या ह्यांना खुर्चीवर चढता येत नाही. तुम्हीच टांगून द्याल का?"

दादाने माझ्याकडे पाहिले. मग तो फाटक उघडून आत गेला.